य-अक्षात परावर्तन करताना चिन्ह क्षचे का बदलते?

आपला प्रश्न असा आहे: फ(क्ष) = √(क्ष + ४) या फलाचे, म्हणजे वर्गात आपण ज्याला सर्रास फंक्शन म्हणतो त्याचे, य-अक्षात परावर्तन करताना आपण √(−क्ष − ४) असे लिहिले; ते चूक का, आणि आरसा य-अक्षाचा असताना चिन्ह क्षचे का बदलायचे? दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातच आहे.

य-अक्ष हा उभा आरसा आहे. उभ्या आरशात आपली उंची बदलत नाही. आपण आरशाच्या या बाजूला जितके दूर असतो, तितकीच दूर आपली प्रतिमा त्या बाजूला दिसते. त्यामुळे (५, ३) हा बिंदू (−५, ३) येथे जातो. य-निर्देशक, म्हणजे उंची, तोच राहतो. आता हेच उलट दिशेने वाचा. नव्या आलेखाची −५ पाशी असलेली उंची ही जुन्या आलेखाची ५ पाशी असलेली उंची आहे; म्हणजेच नव्या फलाला कोणत्याही क्षपाशी आपली किंमत जुन्या फलाकडून −क्षपाशी जाऊन आणावी लागते. म्हणून नवे फल फ(−क्ष) होते.

आपली चूक इथेच झाली. फ(−क्ष) याचा अर्थ जिथे क्ष दिसेल तिथे −क्ष ठेवणे एवढाच आहे. कंसातल्या सगळ्या राशीला उणे करणे असा नाही. ४ ला हात न लावता √(−क्ष + ४), म्हणजेच √(४ − क्ष), हे बरोबर उत्तर मिळते. मूळ आलेख (−४, ०) पासून उजवीकडे (०, २) आणि (५, ३) मधून जातो. नवा (४, ०) पासून डावीकडे (०, २) आणि (−५, ३) मधून जातो. (०, २) हा बिंदू आरशावरच असल्याने तो जागचा हलत नाही, आणि उत्तर पडताळण्याचा सर्वांत सोपा मार्ग तोच आहे. आपल्या सूत्रात क्ष = ० ठेवल्यास √(−४) येते, ज्याला वास्तव किंमतच नाही. गंमत अशी की आपले सूत्रही एक परावर्तन दाखवते, पण ते क्ष = −४ या रेषेतले आहे; आरसा भलत्याच ठिकाणी लागला, इतकेच.

क्ष-अक्षाच्या बाबतीत असा गोंधळ सहसा होत नाही. आरसा आडवा असल्याने उंचीचे चिन्ह बदलते आणि −√(क्ष + ४) मिळते. या वेळी (−४, ०) जागेवर राहतो.

सरावासाठी मात्र क्ष² किंवा क्ष³ घेऊ नका, जरी शिकवताना बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात. क्ष² हे सम फल (क्षच्या जागी −क्ष ठेवले तरी किंमत तीच राहणारे) असल्याने य-अक्षात परावर्तित करूनही जसेच्या तसे राहते, आणि क्ष³ हे विषम फल (क्षच्या जागी −क्ष ठेवल्यास किंमतीचे फक्त चिन्ह बदलणारे) असल्याने दोन्ही अक्षांतील परावर्तने एकच आलेख देतात. त्यामुळे चूक झाली तरी कळत नाही. त्याऐवजी क्ष² − ६क्ष + ५ घ्या. त्याचा शिरोबिंदू, म्हणजे आलेख जिथे वळतो तो बिंदू, (३, −४) आहे. य-अक्षात परावर्तन केल्यावर क्ष² + ६क्ष + ५ मिळून तो (−३, −४) येथे जातो, तर क्ष-अक्षात −क्ष² + ६क्ष − ५ मिळून (३, ४) येथे. मूळ आलेख कागदावर ठळक शाईने काढून कागद य-अक्षाभोवती उलटा करा आणि खिडकीच्या काचेला टेकवून मागच्या बाजूने पाहा. य-अक्षातले परावर्तन उजेडात आपोआप दिसेल.