दुसऱ्याच्या तोंडचे जोक लिहायला एलएला यायचंय?

अरे, तू विचारलंस की म्हापशात लग्नाच्या अँकरांना आणि रीलवाल्यांना जोक लिहून देतोस, आता लॉस एंजेलिसला येऊन स्टार लोकांसाठी लिहायचंय, आणि आजोबांमुळे पोर्तुगीज पासपोर्ट मिळतोय तर त्यावर भागेल का. नाही भागत रे. त्या पासपोर्टवर इथे व्हिसाशिवाय ९० दिवस फिरता येतं, काम करून पैसे घेता येत नाहीत, आणि इंडियन नागरिकत्व जातं ते वेगळंच.

मग उरतो ओ-वन, म्हणजे आपल्या लाइनीत नाव कमावलेल्यांना मिळणारा अमेरिकेचा कामाचा व्हिसा, आणि खरी गोम तिथेच आहे. त्याला तुझं नाव झालेलं लागतं, म्हणजे क्रेडिट्स (शोच्या नामावलीत आलेलं नाव), पेपरातली कात्रणं, या लाइनीतल्या मोठ्या लोकांची पत्रं, वर टीव्ही-सिनेमाचं काम असेल तर इथल्या लेखकांच्या युनियनचंही मत घ्यावं लागतं. आणि आपलं काम असं की नाव कुठे यायलाच नको, त्यासाठीच तर पैसे देतात! गुप्ततेच्या करारावर सही केलेली, मग व्हिसाच्या वकिलाला दाखवणार काय? म्हणून आत्तापासून बिलं, मेल सगळं जपून ठेव आणि थोडं काम स्वतःच्या नावाने कर, गोव्याच्या कला अकादमीच्या स्पर्धेतलं नाटक ठीकच, पण मुंबईतला एखादा टीव्ही शो जास्त उपयोगाचा. मी स्वतः बायकोच्या नोकरीमुळे आलो, डिपेंडंट व्हिसावर, पहिली तीन वर्षं कामाची परवानगीच नव्हती, माझं उदाहरण घेऊ नकोस.

इथला नावाजलेला जोक-रायटर ब्रूस व्हिलांच, त्याच्याकडे बघूनही भुलू नकोस. त्याने कितीतरी वर्षं ऑस्करचे जोक लिहिले, गायिका-नटी बेट मिडलरसाठी लिहिलं, आणि १९९९ मध्ये त्याच्यावरच डॉक्युमेंटरी आली. असा रायटर विरळा. जुना अमेरिकन विनोदवीर बॉब होप, त्याच्या जोकांची ८५,००० पानं लायब्ररी ऑफ काँग्रेस या वॉशिंग्टनच्या सरकारी लायब्ररीत आहेत, लिहिणारे पगारी रायटर होते, त्यातल्या किती जणांची नावं तू ऐकलीयस?

बाकी कामाचं म्हणशील तर ते मी फोंड्याकडेच शिकलो. आमच्या जत्रेच्या नाटकात एक काका विनोदी पार्ट करायचे, तोंडात कायम तंबाखू, लांब वाक्य घेतलं की अर्ध्यात तोबरा सांभाळायला थांबायचे आणि हशा गेला. शेवटी मी त्यांना चार-चार शब्दांचीच वाक्यं द्यायला लागलो, मग ते थांबले की लोक आधीच हसायचे. इथे गेल्या वर्षी एका नटाच्या भाषणासाठी तीन पानं दिली, त्याने मेकअप करता करता मोठ्याने वाचली, जिथे जिथे त्याला मध्येच श्वास घ्यावा लागला तिथे मी पेनाने काट मारली, सात जोक उरले. त्यातले दोन त्याने स्टेजवर स्वतःच बदलले आणि तेच चालले, असो.

पैशांचं सांगायचं तर युनियनचे किमान दर टीव्ही-सिनेमाला, खाजगी भाषणं, लग्नं, कंपन्यांचे कार्यक्रम यांना सहसा नाहीत, तिथे ठरवशील तेवढेच. एका इव्हेंटवाल्याने माझे पैसे अजून दिलेले नाहीत, तेव्हा अर्धे आधी घे. आणि इथल्या लेखकांचा २०२३ चा संप १४८ दिवस चालला, तेवढे महिने घरभाडं भरता येईल इतकी शिल्लक नसेल तर तिकीट काढूच नकोस.

तुझ्या त्या अँकरचे पाच जोक पाठव, आणि तो ते बोलतोय त्याचं रेकॉर्डिंगही, नुसता कागद नको. सध्या माझ्याकडे रात्रीचे नऊ म्हणजे तुझ्याकडे सकाळचे साडेनऊ, तेव्हा फोन कर.