गेमिंगचा कट्टा: २४ तासांची रेस कुणी चालवायची?

प्रश्न: दादा, मी पीएस ५ (प्लेस्टेशन) वर ग्रॅन टुरिस्मो ७ (जीटी ७) हा गाड्यांच्या रेसचा गेम खेळायलोय. परवा स्पा ह्या बेल्जियमच्या ट्रॅकची १ तासाची रेस चालू होती, शेवटची १० मिनिटं राहिली अन् लाईट गेली, सगळं पाण्यात. वरून मोठा भाऊ म्हणायलाय, आमच्या जीटी ४ मधे (ह्याच गेमचा जुना भाग) २४ तासांच्या रेस होत्या, तुम्ही तासाभरात रडता. मग एंड्युरन्स रेस, म्हणजे दम काढणारी लांब रेस, नेमकी किती मोठी पाहिजे? (एक वाचक, लातूर)

उत्तर: आधी भावाला एवढंच विचार, ते २४ तास चालवले कुणी? जीटी ४ मधे बी-स्पेक होतं, म्हणजे गाडी कॉम्प्युटर चालवणार, तुम्ही नुसतं जोरात जा, हळू जा, पिटमधे (पेट्रोल-टायरसाठी थांबायची जागा) ये सांगायचं, अन् वेळ ३ पट पळवायची सोय पण होती. बऱ्याच जणांनी ते लावून दिलं अन् झोपले. त्याला रेस म्हणायचं का, तूच ठरव.

ल मां ह्या फ्रान्समधल्या खऱ्या २४ तासांच्या रेसमधे पण एकटा माणूस २४ तास चालवत नाही रे, एका गाडीला तिघं असतात अन् एकाला मिळून १४ तासांच्या वर बसूच देत नाहीत. मग घरी एकट्या पोरानं कामून मरायचं?

पण दुसरं टोक पण नको. जीटी ६ मधे ल मांच्या २४ तासांची २४ मिनिटं केली. ल मांचा एक लॅप (ट्रॅकची एक फेरी) १३.६२६ किलोमीटरचा, साडेतीन मिनिटं धरली तरी सहा-सात लॅप होतात, त्यात रात्र पण होते अन् दिवस पण उगवतो, लई गंमत वाटते बघायला, पण डोकं कुठं लावायचं?

माझं म्हणणं घड्याळ बघूच नका, पिट मोजा. दोन पिट स्टॉप होतील एवढी रेस पाहिजे, कारण पहिला सगळेच सारखा करतात, खरी मजा दुसऱ्याला येते, टायर आत्ता बदलू का अजून २ लॅप ओढू, फ्युएल मॅप (पेट्रोल वाचवायचं सेटिंग) ६ वर टाकून एक स्टॉप वाचतो का, अन् स्पाला तर एका बाजूला पाऊस अन् दुसरीकडं कोरडं, तिथं इंटरमीडिएट (थोड्या पावसाचे टायर) लावायचे का नाही यातच जीव जातो. हे सगळं १ तासात बसतं, फार तर दीड. कस्टम रेसमधे पेट्रोल अन् टायर झिजण्याचा आकडा वाढव, टाकी २० मिनिटं पुरेल असं बघ, झालं काम. त्याच्यावर वेळ वाढवली की नुसतं तेच तेच वळण.

अन् रेस १ तासाच्या वर न्यायची असेल तर पिटमधे सेव्ह पाहिजेच, हा माझा हट्ट आहे. जीटी ५ आला २०१० ला तेव्हा अर्ध्यात सेव्ह नव्हतं, ते पुढच्या वर्षी अपडेटमधे दिलं, म्हणजे कंपनीला पण कळलं माणसाला जेवण-झोप असते. आपल्याकडं तर वरून लाईट. सेव्ह नसेल तर टीव्ही, पीएस अन् राऊटर तिन्ही इन्व्हर्टरवर घे, अन् ऊन पोळायला लागल्यावर दुपारी मोठी रेस लावूच नको.

२४ तासांचीच हौस असेल तर पीसीवर आयरेसिंग हा ऑनलाईन रेसचा गेम बघ, तिथं टीम करून ड्रायव्हर बदलता येतो, एक चालवतोय तोवर बाकीचे झोपतात. खर्च मात्र लई आहे, स्टिअरिंग व्हील, सबस्क्रिप्शन, नेट सगळंच. भावाला घे टीममधे, पहाटे ३ ते ५ ची पाळी त्यालाच दे.