कचेरीजवळ परवडणारे जेवण शोधताना

मोठ्या शहरात नव्याने नोकरीस लागलेल्याने जेवणाची जागा शोधताना अंतरापेक्षा वेळ मोजावा. जाणे-येणे, रांग आणि ताट समोर येईपर्यंतची प्रतीक्षा यांतच निम्मी सुट्टी संपत असेल, तर ती जागा कितीही स्वस्त असली तरी रोजच्यासाठी उपयोगाची नाही.

मुख्य रस्त्यावरचे जास्तीचे भाडे बहुधा ताटाच्या किमतीत उतरते, म्हणून आतल्या गल्ल्या आधी पाहाव्यात. इमारतीचे सुरक्षारक्षक, सफाई कर्मचारी आणि सामान पोहोचवणारे लोक कुठे जेवतात, हे त्यांना आदराने विचारा. रोज स्वतःच्या खिशातून मोजून खर्च करणाऱ्यांइतकी खात्रीची माहिती दुसऱ्या कोणाकडे नसते, असे माझे ठाम मत आहे.

स्वच्छतेबाबत मात्र तडजोड करू नका. शिजवलेले अन्न वाढेपर्यंत ६० अंश सेल्सिअसहून अधिक गरम ठेवावे आणि सामान्य तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यामुळे जिथे गिऱ्हाइकांची वर्दळ असल्याने पदार्थ सतत ताजे तयार होतात, ती जागा रिकाम्या, चकचकीत जागेपेक्षा पुष्कळदा अधिक विश्वासाची ठरते.

किमतीत कर आणि पेय धरून येणाऱ्या रकमेला महिन्यातील कामाच्या दिवसांनी गुणा, म्हणजे किरकोळ वाटणारा फरक किती मोठा आहे ते कळेल. पहिल्या भेटीत थोडेच मागवा, आणि दुपारी महत्त्वाची बैठक असेल त्या दिवशी नव्या जागेचा प्रयोग टाळा.