जाहिरातीविना वकिली कशी वाढवावी?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे. या वेळचे प्रश्न तालुका आणि जिल्हा न्यायालयांत स्वतंत्र वकिली करणाऱ्यांकडून आले आहेत.

प्रश्न: सनद मिळून चार वर्षे झाली. दरमहा ठरावीक रक्कम दिल्यास फेसबुक-इन्स्टाग्रामवर जाहिरात करून पक्षकार मिळवून देऊ, असे एक कंपनी म्हणते. घ्यावे का? (एक वकील, सातारा जिल्हा)

घेऊ नका. बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांच्या नियामक संस्थेच्या आचारनियमांतील नियम 36 प्रमाणे वकिलाला स्वतः किंवा दुसऱ्यामार्फत, उघड वा आडून, काम मागता येत नाही. परिपत्रके, जाहिराती, दलाल हे सगळे त्यात येते. ऑनलाइन पोर्टलवरून काम मिळवणाऱ्या वकिलांवर शिस्तभंगाची कारवाई व्हावी, असे निर्देश मद्रास उच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये दिले. तक्रार सिद्ध झाली तर वकील कायदा 1961 च्या कलम 35 खाली ताकीद, निलंबन किंवा थेट पटावरून नाव कमी, असे काहीही होऊ शकते. जाहिरात कंपनीचे काही जात नाही. सनद तुमची जाते.

वेबसाइट मात्र चालते. याच नियमाच्या 2008 च्या दुरुस्तीने तीवर पाच गोष्टींना मुभा दिली: नाव, पत्ता-फोन-ईमेल, सनदेचा तपशील, शैक्षणिक पात्रता आणि कामाची क्षेत्रे. दिलेली माहिती खरी असल्याचे निवेदनही द्यावे लागते. ‘दिवाणी, वारस, चेक न वटणे’ एवढे लिहा. ‘तज्ज्ञ’, ‘खात्रीशीर निकाल’, जिंकलेल्या खटल्यांची यादी, पक्षकारांचे अभिप्राय, हे काही नको. ऑफिसची पाटीही बेताच्या आकाराची हवी. अमुक कामातला विशेषज्ञ, बार असोसिएशनचा माजी अध्यक्ष किंवा माजी न्यायाधीश असा उल्लेख पाटीवर करता येत नाही. आपल्याकडच्या कितीतरी पाट्या या कसोटीला उतरत नाहीत. दुसऱ्याची पाटी पाहून स्वतःची रंगवू नका.

प्रश्न: तहसील कचेरीजवळचा एक दस्तलेखनिक कामे पाठवायला तयार आहे, पण फीमधला चौथा हिस्सा मागतो. सगळेच देतात म्हणे. (बीड)

एकही रुपया देऊ नका. वकील नसलेल्या माणसाशी फी वाटून घेण्याला नियमांत स्पष्ट मनाई आहे. 2023 च्या दुरुस्तीने वकील कायद्यात कलम 45अ आले. न्यायालयाच्या दलालांच्या यादीत नाव जाहीर झालेल्या माणसाने दलाली केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, 500 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मुंबईच्या मॅजिस्ट्रेट कोर्टाच्या दारात पक्षकारांना गाठून काम ओढणाऱ्या वकिलांचे प्रकरण महाराष्ट्राच्या बार कौन्सिलने लढवले आणि ते 1975 मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. म्हणजे हा प्रश्न जुना आहे आणि त्यावरचे उत्तरही.

व्यवहाराच्या अंगानेही हे नुकसानीचे आहे. हिस्सा देऊन आलेला पक्षकार त्या लेखनिकाचा असतो, तुमचा नसतो. उद्या कोणी जास्त हिस्सा दिला की पुढचे काम तिकडे जाते.

प्रश्न: मग नवे काम यायचे कुठून? (तिघा वाचकांचा हाच प्रश्न आहे.)

बहुतेक काम दोनच वाटांनी येते: जुन्या पक्षकाराच्या शिफारशीने आणि दुसऱ्या वकिलाने पाठवले म्हणून. दोन्ही वाटा रुंद करता येतात.

पक्षकाराची मुख्य तक्रार हरण्याची नसते. ‘वकीलसाहेब फोन उचलत नाहीत’ ही असते. तारीख झाली की त्याच संध्याकाळी तीन ओळींचा संदेश पाठवा: आज काय झाले, पुढची तारीख कोणती, त्या तारखेला तुम्ही काय आणायचे. न्यायालयांच्या ई-कोर्ट्स ॲपमध्ये प्रत्येक प्रकरण सोळा अक्षरी सीएनआर क्रमांकाने (प्रकरणाच्या स्वतंत्र ओळख क्रमांकाने) जतन करा. तिथे सनद क्रमांकाने तुमची सगळी प्रकरणे एकत्र दिसू शकतात, पण वकीलपत्रावर नाव आणि क्रमांक दरवेळी वेगळ्या पद्धतीने लिहिले असतील तर निम्मी दिसतच नाहीत. आजपासून एकच पद्धत ठेवा. तरीही कागदी डायरी सोडू नका. ॲपवरची नोंद कधी उशिरा चढते, कधी चुकते. तारीख बोर्डावरून (त्या दिवशीच्या प्रकरणांच्या यादीवरून) आणि रोजनाम्यावरून (कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीवरून) ताडून घ्या.

पहिल्या भेटीची तयारी नीट असेल तर निम्मे काम तिथेच होते. प्रत्येक प्रकारच्या कामासाठी एक पानी कागद छापून ठेवा. चेक न वटल्याच्या कामासाठी मूळ चेक, बँकेचा परतीचा मेमो, उधारीचा पुरावा आणि मेमो हाती आल्याची तारीख लागते. त्या तारखेपासून 30 दिवसांत नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यावर पैसे भरायला समोरच्याला 15 दिवस असतात आणि ते संपल्यावर एका महिन्यात फिर्याद दाखल करायची. पक्षकार पंचविसाव्या दिवशी उगवतो तेव्हा आधी नोटीस काढा, बाकीचे कागद मागाहून मागा. वाटपाच्या दाव्यासाठी सातबारा, आठ-अ, फेरफार नोंदी आणि वंशावळ सांगा. वंशावळीतून बहिणी वगळून आणण्याची सवय अजून गेलेली नाही. पहिल्याच भेटीत विचारा, नाहीतर आवश्यक पक्षकार सुटले म्हणून दावा वर्षानुवर्षे अडकतो.

आता दुसरी वाट. पुण्या-मुंबईच्या वकिलांना तालुक्याच्या कोर्टात भरवशाचा माणूस हवा असतो: नक्कल काढायला, हजर राहायला, दरखास्तीत (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीत) बेलिफाबरोबर जायला. दर तारखेचा आकडा आधी सांगा, काम झाले की त्याच दिवशी रोजनाम्याची माहिती पाठवा आणि त्यांच्या पक्षकाराशी परस्पर संधान बांधू नका. ही शेवटची अट मोडली की ती वाट कायमची बंद होते.

गरजूंना मोफत वकील देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर अर्ज जरूर करा. मानधन कमी असते, पण उलटतपास घ्यायला मिळतो आणि न्यायाधीशांना तुमचे काम दिसते. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि कोठडीत असलेल्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता हे साहाय्य मिळते, त्यामुळे कामाला तोटा नाही. ते काम कमी पैशांचे म्हणून कमी तयारीने करणारे वकील आम्हाला खटकतात. मदत मागायला आलेल्या बाईचे घर त्या अर्जावर उभे असते. गावात कायदेविषयक शिबिर घेतलेत तर बोला, प्रश्नांना उत्तरे द्या, पण कार्डे वाटू नका. वर्तमानपत्रात कायद्यावर लेख जरूर लिहा. स्वतः चालवत असलेल्या खटल्याची बातमी फोटोसह छापून आणणे मात्र नियम 36 मध्येच निषिद्ध आहे.

प्रश्न: फी ठरवताना चुकते. सुरुवातीला सगळी मागितली तर पक्षकार जातो, नंतर मागितली तर मिळत नाही. (रत्नागिरी)

टप्पे करा आणि लिहून द्या. दिवाणी दाव्यात 40 टक्के दावा दाखल करताना, 35 टक्के पुरावा सुरू होताना आणि उरलेले युक्तिवादाआधी, ही विभागणी बहुतेकांना झेपते. मनाई अर्ज आणि अपील यांची फी वेगळी असल्याचे त्याच कागदावर नमूद करा, कारण वाद तिथेच होतात. कोर्ट फी, टपाल, नकला यांचे पैसे फीमध्ये मिसळू नका. पक्षकाराच्या पैशाचा हिशेब ठेवणे नियम 25 प्रमाणे बंधनकारक आहे. निकालात मिळणाऱ्या मिळकतीतला हिस्सा फी म्हणून ठरवता येत नाही. नियम 20 त्याला मनाई करतो.

प्रश्न: फी थकली तर फाइल अडवून ठेवता येते का? (एक वकील, अहिल्यानगर)

नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्ये आर. डी. सक्सेना प्रकरणात स्पष्ट केले की थकीत फीसाठी पक्षकाराची कागदपत्रे रोखून धरण्याचा हक्क वकिलाला नाही. कागद यादी करून परत द्या, पोच घ्या आणि फीसाठी स्वतंत्र नोटीस किंवा दावा करा.