‘एवढं सांभाळतो, तरी आकडा का वाढला?’

लिपिड प्रोफाइलचा, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीचा, कागद हातात घेऊन येणारी माणसं तो कागद माझ्यापुढे प्रगतिपुस्तकासारखा ठेवतात. नापास झालेल्या मुलाचा चेहरा असतो तेव्हा त्यांचा. मग हमखास तेच वाक्य येतं, "मॅडम, मी एवढं सांभाळतो, तरी?" हे इतक्यांदा ऐकलंय की एकदा सविस्तर लिहायलाच हवं होतं.

हेमंत (नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत) पत्नीच्या आग्रहाखातर माझ्याकडे समुपदेशनासाठी आले. वय 43. रोज पहाटे धावणारे, निर्व्यसनी. एलडीएल, म्हणजे ज्याला ‘वाईट’ कोलेस्टेरॉल म्हणतात ते, 212. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली होती, पण यांनी चिठ्ठी घडी घालून पाकिटात ठेवली आणि खाणं निम्म्यावर आणलं. तीन महिन्यांत सहा किलो उतरले, एलडीएल 191 वर आलं. मग ताटातलं आणखी कमी झालं. घरात जेवायला बसलं की कुणी बोलेनासं झालं होतं.

"गोळी सुरू केली तर काय होईल?" मी विचारलं.

"मी हरलो असं होईल."

"कुणाशी?"

या एका शब्दाच्या उत्तरासाठी आम्हाला पुढच्या दोन भेटी लागल्या. वडील 48व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने गेले, तेव्हा हेमंत सतरा वर्षांचे होते. "बाबांनी स्वतःकडे कधी लक्षच दिलं नाही. आमचा थोडा जरी विचार केला असता ना..." एवढं बोलून ते थांबले.

घटना आणि तिचा त्रास यांच्या मध्ये माणसाचं स्वतःचं एक वाक्य असतं, असं मी मानते. ते सापडलं की निम्मं काम होतं. हेमंतचं वाक्य होतं, ‘आकडा वाढला, म्हणजे माणूस निष्काळजी.’ याच वाक्याने ते सव्वीस वर्षं वडिलांना दोषी ठरवत आले होते आणि आता स्वतः त्याच पिंजऱ्यात उभे होते.

अशा वेळी नुसता धीर देऊन भागत नाही. योग्य क्षणी दिलेली अचूक माहिती हाही उपचारच असतो, या मतावर मी ठाम आहे. मी कोरा कागद पुढे सरकवला. "शरीरातलं कोलेस्टेरॉल येतं कुठून?"

"खाण्यातून. जवळजवळ सगळं."

तसं नसतं. बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच तयार करतं, आणि त्यात यकृताचा वाटा मोठा. ते विष नव्हे. प्रत्येक पेशीच्या आवरणाला ते लागतं, पित्त आणि काही हार्मोन्स त्यापासूनच बनतात. रक्तात ते विरघळत नाही, म्हणून कणांमध्ये भरून फिरतं. एलडीएल हे त्यातलेच कण. त्यांचं काम झालं की यकृत त्यांना परत आत घेतं, आणि त्यासाठी यकृताच्या पेशींवर खास दारं असतात. ही दारं शोधणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना 1985 साली नोबेल मिळालं. दारं कमी पडली की कण रक्तात रेंगाळतात, धमनीच्या भिंतीत शिरतात आणि वर्षानुवर्षं तिथे थर साचत जातो. एखाद्या दिवशी थर फुटतो, त्यावर गुठळी धरते आणि हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा तुटतो. तोवर कुठे दुखत-खुपत नाही. म्हणून ‘मला काहीच त्रास नाही’ यावर विसंबू नये.

मी कागदावर एक मोठं यकृत काढलं आणि त्याला चार-पाच दारं. "काही माणसांच्या यकृतावर चालू दारं जन्मापासूनच कमी असतात. साधारण अडीचशेतल्या एकाला असा आनुवंशिक दोष असतो. ती माणसं कितीही धावली तरी दारं वाढत नाहीत. गोळीमुळे यकृत कोलेस्टेरॉल कमी बनवतं, आणि त्याची गरज भागवायला जास्त दारं उघडतं."

हेमंतनी पेन्सिल उचलली. त्यातली दोन दारं त्यांनी सावकाश खोडली.

"मग बाबांची..."

"असू शकतील. त्यांची तपासणी आता कुणी करू शकत नाही. पण तुमचा आकडा आणि त्यांचं वय, दोन्ही डॉक्टरांना सांगा."

"मी त्यांना एकदाही माफ केलं नाही, मॅडम."

ते बराच वेळ रडले. मी मध्ये एक शब्दही बोलले नाही. इतक्या वर्षांच्या कामात मी जे कमावलं, त्यात अशा वेळी गप्प बसता येणं मला सर्वात मोलाचं वाटतं.

असा कागद ज्यांच्या हातात आहे त्यांना माझं सांगणं आहे. संपृक्त चरबी कमी केल्याने एलडीएल खरोखर उतरतं, व्यायामाने रक्तदाब, साखर आणि ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली आणखी एक चरबी) सुधारतात, तंबाखू सोडल्याचा फायदा तर मोठाच. यातलं काही वाया जात नाही. पण आहारानेच सगळं जमलं पाहिजे ही अट स्वतःला घालू नका. एलडीएल 190 च्या वर असेल, किंवा घरात पुरुषाला 55 आणि स्त्रीला 65 च्या आत हृदयविकार झाला असेल, तर ते डॉक्टरांना आपणहून सांगा.

गोळीने अंग दुखेल ही भीतीही वरचेवर कानावर येते. त्रासामुळे स्टॅटिन, म्हणजे हीच कोलेस्टेरॉलची गोळी, सोडलेल्या 60 जणांवर लंडनमध्ये एक अभ्यास झाला, 2020 मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यांना काही महिने खरी गोळी दिली, काही महिने औषध नसलेली हुबेहूब गोळी, काही महिने काहीच नाही. खऱ्या गोळीवर जेवढा त्रास झाला, त्याच्या 90 टक्के खोट्या गोळीवरही झाला. दुखणं खोटं नव्हतं, पण त्यातलं बरंचसं धास्तीतून आलेलं होतं. म्हणून गोळी परस्पर बंद करू नका. डॉक्टर मात्रा किंवा औषध बदलून देऊ शकतात. स्नायू फार दुखू लागले आणि लघवी गडद झाली तर मात्र त्याच दिवशी दाखवा.

दोन महिन्यांनी हेमंत आले. एलडीएल 104 होतं, पण ते त्यांनी जाता जाता सांगितलं. आधी बोलले ते मुलीबद्दल. असा दोष आई किंवा वडिलांकडून मुलात उतरण्याची शक्यता निम्मी असते, म्हणून डॉक्टरांनी तिचीही तपासणी करायला सांगितली होती. चौदा वर्षांच्या त्या मुलीचा आकडाही जास्त निघाला.

"रिपोर्ट बघून म्हणाली, बाबा, माझं काय चुकलं?"

"मग?"

"मी कागद घेतला आणि तिला दारं काढून दाखवली."