रग्बीत करिअर करायचंय? आधी एवढं कर

कबड्डी सोडून रग्बीकडे वळतोयस, हे तुझ्या पत्रात वाचून खूप आनंद झाला. कबड्डीतली पकड आणि चपळाई इथे कामाला येईल, पण पकडीची सवय बदलावी लागेल.

टॅकल, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला पकडून खाली पाडणं, हे सगळ्यात महत्त्वाचं. नवी मुलं डोकं धावणाऱ्याच्या पुढ्यात घालतात आणि मानेला इजा करून घेतात. डोकं बाजूला, खांदा त्याच्या कमरेखाली, दोन्ही हातांची घट्ट मिठी. खांद्याच्या वर पकडलंस तर फाऊल. सुरुवातीला गुडघ्यांवर बसूनच शीक, तेही प्रशिक्षकासमोर. डोक्याला मार लागला, गरगरलं, तर खेळ तिथेच बंद, डॉक्टर हो म्हणेपर्यंत. इथे शौर्य दाखवायचं नाही!

पास मागेच द्यायचा. रोज दोन्ही हातांनी सराव कर. पावसाळ्यात ओल्या चेंडूने तर नक्कीच. रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या किनाऱ्यावर वाळूत धावणं उत्तम, पण वेग मोजायला कडक मैदानच हवं. वजनं उचलायची घाई नको.

आता पैशाचं. रग्बी युनियन, म्हणजे रग्बीचा पंधरा जणांचा प्रकार, १९९५ साली व्यावसायिक झाला. आपल्याकडे संधी जास्त दिसते ती सात जणांच्या प्रकारात, म्हणजे सेव्हन्समध्ये: ऑलिंपिकमध्ये २०१६पासून तोच आहे, आणि २०२५ साली मुंबईत झालेली रग्बी प्रीमियर लीगही त्याचीच. म्हणून सेव्हन्सपासून सुरुवात कर. कॉलेज मात्र सोडू नकोस. एका दुखापतीने हंगाम जातो.

स्क्रम (दोन्ही संघ भिडून चेंडूसाठी रेटतात ते), लाइनआऊट (बाहेर गेलेला चेंडू आत फेकतात ते), डावपेच पुढच्या वर्षी बघू.