बीपीचं नंतर विचार, आधी बैलाचं नाव विचार

पोरी, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. बाबा ७६ वर्षांचे, आई जाऊन दीड वर्ष झालं, बीपीची गोळी सकाळी, शुगरची दोन टाइम, एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं राहिलं, हे सगळं तू एकदम बरोबर लिहिलं. आणि मग "एक गाय, एक म्हातारा बैल आणि एक कुत्रा यांच्यापायी बाबा जर्मनीला यायला तयार नाहीत" असं एका ओळीत लिहून मोकळी झाली. त्या गाईचं नाव काय? बैलाचं काय? कुत्र्याला कोणत्या नावानं हाक मारतात? गोळ्यांची नावं आहेत पत्रात, यांची नाहीत. खरी गोम तिथंच आहे बघ.

तू फोनवर म्हटलं "विकून टाका ना बाबा ती ढोरं", आणि त्यांनी तीन दिवस फोन उचलला नाही. मी असती तर आठ दिवस उचलला नसता. राग नको मानू, मी ७३ वर्षांची झाली, झेडपीच्या शाळेत ३४ वर्षं पोरं हाकली, आता गोड बोलायची सवय राहिली नाही.

आमच्याकडे गवळाऊ जोडी होती, सोन्या अन् चांद्या. आर्वी-कारंजा पट्ट्यातली ही जात, अंगानं सडपातळ, पांढरी, बंडीला जुंपली की वाऱ्यासारखी पळते. २०२२ ला लम्पी आली तेव्हाचं तुला आठवत नसेल, तू तिकडे होती, सगळ्या जिल्ह्यात गुरांच्या अंगावर गाठी, पोळाही धड भरला नाही, शेळीच्या देवीवरची लस गुरांना टोचत होते आणि ती लस आमच्या गावात पोचायच्या आतच सोन्या गेला. जोड फुटली. शेतकऱ्याच्या घरात हा शब्द माणसाच्या मरणासारखाच बोलतात, हळू आवाजात. चांद्याला दुसरा बैल आणून लावला तर तो जुवाच्या शिवळेला मानच देईना. कोठ्यात सोन्याच्या रिकाम्या जागेकडे तोंड करून उभा राहायचा, पुढ्यात कुटार टाका नाहीतर सरकीची ढेप टाका. आमचे हे जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती आणि मी पण कोणाकडे तोंड करून जेवत होती ते मला माहीत. तुझ्या बाबांचं तसंच असेल असं मी म्हणत नाही, पण दीड वर्षात त्या घरात सकाळी उठल्यावर ज्याला काही लागतं, ज्याच्यासाठी पाणी भरावं लागतं, असं कोण आहे ते मोज. तीनच निघतील.

आता तुझ्या पोराचं. ११ वर्षांचा, फुटबॉलशिवाय काही सुचत नाही, आजोबांशी "हॅलो, कसे आहात, बाय" याच्या पुढे गाडी जात नाही, मराठी तुटकी. तुला वाटतं भाषा अडते. मला नाही वाटत. आमचा मोठा पोरगा तिकडेच जर्मनीत, कोलोन शहरात आहे चौदा वर्षांपासून, त्याचा पोरगा तुझ्या पोराएवढाच, आणि आमचंही असंच होतं. व्हिडिओ कॉलवर नातू यायचा, मी विचारायची जेवला का, तो म्हणायचा हो, मी म्हणायची अभ्यास कर, तो म्हणायचा हो, आणि मग पडद्यावर नुसतं छताचं पंखाच नसलेलं पांढरं आढं.

एक दिवस तो अंगात लाल-पांढरी जर्सी घालून बसला होता आणि छातीवर बकरी. मी म्हटलं काय रे हे, तर म्हणे आजी बकरी नाही, बोकड आहे, आमच्या टीमचा आहे, खरा जिवंत आहे, मॅचला येतो. मला वाटलं पोट्टा थापा मारतोय. पण खरं निघालं! १९५० साली तिकडच्या कार्निवलमध्ये एका सर्कसवाल्या बाईनं कोलोनच्या क्लबला बोकड भेट दिला आणि तेव्हा हेनेस वाइसवाइलर नावाचा त्यांचा खेळाडू-कोच होता, गमतीत त्याचंच नाव बोकडाला दिलं. तेव्हापासून एक म्हातारा झाला की दुसरा येतो, नाव तेच, आता नववा हेनेस चालू आहे २०१९ पासून. राहतो कोलोनच्या प्राणीसंग्रहालयात, मॅच असली की स्टेडियमवर हजर. पन्नास हजार माणसं बोकडाच्या नावानं ओरडतात, आणि इकडे बोकड म्हटलं की लोकांना फक्त रस्सा आठवतो.

मग मी प्रश्न विचारायला लागली, शाळामास्तरीण ना मी. काय खातो? मळ्यात चरायला सोडतात का? पायाचे खूर कोण कापतं? एवढ्या आवाजानं बिथरत नाही का? नातवाला एकाचंही उत्तर येईना. पुढच्या रविवारी बापाला घेऊन झूमध्ये गेला, बघून आला, विचारून आला, आणि त्या दिवशी आमचा कॉल पन्नास मिनिटं चालला. मी त्याला कुटार दाखवलं, ढेप दाखवली, कासरा दाखवला, वेसण का घालतात ते सांगितलं, त्याला ते आवडलं नाही आणि त्यानं मला तसं तोंडावर सांगितलं, तेही मोडक्या मराठीत. भांडायला लागला आजीशी! चार वर्षं मराठी शाळेच्या ऑनलाइन क्लासनं जे झालं नाही ते एका बोकडानं केलं.

तुझ्या पोराचा क्लब कोणता ते तू लिहिलं नाही (हे पण नाही!). पण कुठल्याही क्लबचं काही ना काही जनावर, पक्षी, कथा निघतेच. काहीच नसलं तर त्याला पिकल्सची गोष्ट आजोबांना सांगायला लाव. १९६६ मध्ये वर्ल्डकप इंग्लंडला होता, आणि चार महिने आधी लंडनच्या प्रदर्शनातून तो सोन्याचा मुलामा दिलेला कपच चोरीला गेला, सगळे पोलीस शोधून थकले, आणि आठवडाभरानं पिकल्स नावाच्या कुत्र्यानं मालकासोबत फिरायला निघाला असताना कुंपणाखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेला कप हुंगून काढला. शाळेत पोट्टे कुत्र्याला दगड मारताना दिसले की मी ही गोष्ट सांगायची. दगड बंद नाही झाले, पण एकदोघांनी तरी कुत्र्याचं नाव पिकल्स ठेवलं, लोक त्याला पिकल्या म्हणत.

तू म्हणशील बाबांना फुटबॉलमधलं काय कळतं. तू विचारलं का कधी? आमचे हे लग्नाआधी दोन वर्षं कामठीला नोकरीला होते, आणि कामठीला फुटबॉलचा नाद फार जुना, तिथून ते हा रोग घेऊनच आले. १९८६ च्या वर्ल्डकपची फायनल आम्ही पाटलांच्या वाड्यावर पाहिली. मेक्सिकोत दुपारचे बारा म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा, जूनचा शेवट, पेरणीचे दिवस, सकाळी तिफण जुंपायची आणि हे बाप्पा टीव्हीसमोर. मोठा तेव्हा सहा वर्षांचा, माझ्या मांडीवर झोपलेला. अर्जेंटिनाचे दोन गोल झाले, वाटलं संपलं, आणि जर्मनीनं ७४ व्या मिनिटाला एक अन् मग सहा-सात मिनिटांत दुसरा मारून बरोबरी केली, आणि तेवढ्यात लाईट गेली! वाड्यात नुसता कल्ला. हे चिडून उठले आणि तडक घरी कोठ्यात गेले, मी कंदील घेऊन मागून गेली तर बैलाच्या पाठीवर हात ठेवून त्यालेच सांगत होते, "मॅराडोना सोडत नाही पाहा, सोडत नाही तो." सकाळी रेडिओवर कळलं, ३-२, अर्जेंटिना. माणसाला जे कोणापाशी बोलता येत नाही ते तो बैलापाशी बोलतो, आणि मॅचबद्दल तर बोलतोच बोलतो.

आणि फुटबॉल नसेल तर शंकरपट असेल, आपली बैलजोड्यांची शर्यत. तुझ्या बाबांच्या वयाच्या माणसानं पट पाहिला नाही असं विदर्भात होणं कठीण. २०१४ ला सुप्रीम कोर्टानं बंद केला, २०२१ च्या शेवटी परत परवानगी मिळाली, २०२३ च्या निकालात पक्का झाला. मला स्वतःला तो बैलाला तुतारी, म्हणजे टोकदार काठी, टोचायचा प्रकार कधीच पटला नाही आणि आमच्या जोडीला मी पटात उतरू दिलं नाही, यावरून घरात भांडणं झाली आहेत. पण सेकंदाच्या काट्यावर जीव टांगून बसलेली ती गर्दी पाहिली की स्टेडियममधला नातू मला परका वाटत नाही.

हरण्याचंही बोलायला लाव त्यांना. २०२४ ला कोलोनची टीम खालच्या डिव्हिजनला पडली, नातू दोन दिवस जेवला नाही, सून घाबरून गेली. मी त्याला २०१७ ची गुलाबी बोंडअळी सांगितली. उभ्या कपाशीत बोंड फोडलं की आत अळी, सगळा विदर्भ बसला होता त्या वर्षी. तो म्हणे मग तुम्ही काय केलं. मी म्हटलं काय करणार, पुढच्या जूनमध्ये परत पेरलं. पुढच्या वर्षी टीम वर आली तर फोनवर ओरडला, "आजी, परत पेरलं!" मधलं ते एक वर्ष मात्र जड गेलं, खालच्या डिव्हिजनची शनिवारची मॅच तिकडे दुपारी एकला, म्हणजे थंडीत इकडे साडेपाच, ऐन दूध काढायच्या टायमावर.

आता बाबांना तिकडे नेण्याचं. नक्की ने, पण ढोरं विकून नाही. विझिटर व्हिसावर असंही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, म्हणजे तीन महिन्यांसाठी जन्माची जनावरं विकायची का? टाइम मी सांगते. एप्रिल-मे. कापूस घरात आलेला, तूर झालेली, शेतात काम नाही, इकडे ४५ डिग्री आणि तुमच्याकडे छान गार, आणि तिकडची लीग मे महिन्यात संपते म्हणजे शेवटच्या गरम मॅचेस नातवासोबत पाहता येतील. ७ जूनला मृग लागतो, त्याच्या आत परतीचं तिकीट आधीच काढून दाखव. परतीचं तिकीट पाहिल्याशिवाय शेतकरी विमानात बसत नाही. मागे ढोरं पाहायला शेजारचा कोणी माणूस महिन्याच्या पैशावर ठेव, नातेवाईकाला फुकटात सांगू नको, फुकटातलं पाणी जनावराच्या तोंडापर्यंत पोचत नाही. आणि रोज त्या माणसानं संध्याकाळी कोठ्यातून एक व्हिडिओ पाठवायचा, हे पगारातच धर.

कुत्रा घेऊन जायचं तुझ्या नवऱ्यानं सुचवलं म्हणे. होतं ते, पण भारतातून युरोपात कुत्रं न्यायचं तर मायक्रोचिप, मग रेबीजची लस, लसीनंतर कमीत कमी ३० दिवसांनी रक्त तपासायचं, आणि रिपोर्ट चांगला आला तरी रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबायचं. एवढं करून आखरावर मोकळं फिरलेलं कुत्रं तिसऱ्या मजल्यावर काय करणार? आमच्याकडे गोली आहे, नातवानंच नाव ठेवलं, सुट्टीत आला तेव्हा त्याचा प्रत्येक बॉल तोंडानं अडवायची म्हणून. तिला मी वर्ध्यालाही नेत नाही.

आणखी एक, हे तू विचारलं नाही तरी सांगते. तो बैल म्हातारा आहे म्हणतेस. जाईल एक दिवस. तेव्हा पोरापासून लपवू नको. मागच्या वर्षी चांद्या गेला तर मी पंधरा दिवस लपवलं, कॅमेरा फिरवून गायच दाखवायची, हा खोटेपणा मला शोभला नाही. शेवटी नातवानंच विचारलं, मग सांगितलं. बराच वेळ गप्प बसला. मग म्हणे आजी, त्याच्यासाठी एक मिनिट सगळे उभे राहिले का? त्यांच्याकडे जुना खेळाडू गेला की मॅचच्या आधी राहतात तसं. मी म्हटलं अरे जेसीबी बोलावला होता, धुऱ्यावरच्या पळसाखाली खड्डा केला, मीठ टाकलं, पोळ्याची झूल अंगावर घातली, दहा-बारा माणसं होती, जेसीबीवाल्यानं मशीन बंद केलं आणि टोपी काढली. किती वेळ? मोजला नाही रे. तो म्हणे मग एक मिनिट झालं असेल.

पोळा श्रावणातल्या अमावस्येला असतो, तेव्हा सुट्टी मिळाली तर या. खांदशेकणीला आदल्या संध्याकाळी पोचा, पळसाच्या पानानं तूप-हळद बैलाच्या खांद्याला लावायचं आणि उद्या जेवायला या म्हणून आवतन द्यायचं, हे तुझ्या पोराच्या हातानं होऊ दे. दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल आणि बॉल दोन्ही घेऊन निघाला तरी कोणी काही म्हणणार नाही. परतताना नागपूरला विजय बारसे सरांनी २००१ मध्ये सुरू केलेलं स्लम सॉकरचं, झोपडपट्टीतल्या पोरांच्या फुटबॉलचं, काम दाखव त्याला, म्हणजे फुटबॉल फक्त तिकडेच आहे हे डोक्यातून जाईल.

तोवर शनिवार धर. तिकडच्या वरच्या लीगच्या मॅचेस शनिवारी साडेतीनला, म्हणजे थंडीत इकडे रात्रीचे आठ, आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी तुमची घड्याळं पुढे गेली की सात. सातच्या आत दूध-चारा आटपतो. मोबाईल आजोबांकडे तोंड करून ठेव आणि पोराला सांग, जे दिसेल ते मराठीत सांगत जा, नाही शब्द सापडला तर जर्मन चालेल, ऑफसाइड समजावताना तर कोणतीच भाषा पुरत नाही. हाफटाइम पंधरा मिनिटांचा असतो. तेवढ्यात तुझे बाबा उठून कोठ्यात एक चक्कर मारून येतील, पाणी पाहतील, गाईच्या पाठीवर हात फिरवतील, काय स्कोर झाला तेही सांगत असतील तिला. तेव्हा फोन कट करू नको.